जबडा उघडणारं हेल्मेट : अंबाजोगाईतल्या चाचणीच्या नोंदी

९ डिसेंबर

शेळीपालन आणि बचतगटांचं काम करणाऱ्या आमच्या संस्थेच्या मासिक बैठकीत ठरलं, दुचाकीनं फिरतीवर असणाऱ्या सगळ्यांना हेल्मेट संस्थेनं द्यायचं. का, ते कुणी विचारलं नाही. गेल्या महिन्यात शेळीपालनाच्या कामावरचा आमचा पोरगा लोखंडी सावरगावच्या पुढं रात्री उसाच्या ट्रॉलीला मागून धडकला. ट्रॉलीला ना लाल दिवा, ना रेडियमची पट्टी. डोक्यावर हेल्मेट होतं, पण अर्धं, तोंड उघडं ठेवणारं. डोकं शाबूत राहिलं. खालचा जबडा मात्र तारांनी बांधावा लागला, आणि पोरगं स्वाराती रुग्णालयात पडल्या पडल्या नळीनं ताक पीत होतं.

त्यामुळं पहिली अट: हनुवटी झाकली गेली पाहिजे. दुसरी अट सरांची: माणशी दोन हजारांच्या वर जायचं नाही. तिसरी अट कुणी बोलून दाखवली नाही, पण अवघड तीच. दिलेलं हेल्मेट माणसानं घातलं पाहिजे. बैठकीला आलेल्या गाड्या बाहेर उभ्या होत्या. बरीच हेल्मेटं आरशाला लटकलेली, एक टाकीवर, आणि एकात कोथिंबिरीची जुडी.

आमचं काम थांबत थांबत करायचं. फाट्यावर कुणी हात करतं, वस्तीवर शेळी बघायची असते, बचतगटाच्या ताई रस्त्यातच पासबुक पुढं करतात. पूर्ण बंद हेल्मेट दर वेळी काढायचं, घालायचं, याला माणूस दोन दिवसांत कंटाळतो आणि ते आरशाला जातं. म्हणून पुढचा जबडा वर उघडणाऱ्या हेल्मेटचं मी सुचवलं. सुचवलं मी आणि चष्माही मलाच, म्हणून चाचणी माझ्याच गळ्यात पडली.

१४ डिसेंबर

लातूर. गंजगोलाईच्या बाजूनं दुकानं पालथी घातली. रस्त्याकडेला मांडलेल्या ढिगात तीनशेपासून माल आहे आणि आयएसआयचा शिक्का त्या प्रत्येकावर आहे. एकावरचा मी नखानं उचकला तर सगळाच निघून आला.

खरा शिक्का ओळखायची रीत सोपी आहे. चिन्हाच्या वर 'आयएस ४१५१' हा मानकाचा क्रमांक आणि खाली 'सीएम/एल'नं सुरू होणारा परवाना क्रमांक. 'बीआयएस केअर' नावाचं सरकारी ॲप आहे, त्यात तो परवाना क्रमांक टाकला की कंपनीचं नाव आणि परवाना चालू आहे की नाही ते दिसतं. दुकानात उभ्या उभ्या टाकला. दुकानदार म्हणाला, "साहेब, तुम्ही पहिलेच." १ जून २०२१ पासून या शिक्क्याशिवाय दुचाकीचं हेल्मेट बनवायला आणि विकायला बंदी आहे, हे त्याला माहीत होतं. शेजारच्या ढिगाचंही त्याला माहीत होतंच.

माप: शिंप्याची टेप भुवयांच्या वर दोन बोटं धरून डोक्याभोवती फिरवायची. माझं अठ्ठावन्न सेंटीमीटर भरलं, म्हणजे ५८० नंबर. दुकानदार ६०० देत होता, "मोकळं बरं असतंय" म्हणत. मोकळं बरं नसतं. हेल्मेट धरून डावं-उजवं हलवलं तर गालाची कातडी त्याच्याबरोबर सरकायला हवी. हेल्मेट नुसतंच फिरलं तर ते मोठं आहे. नव्याची गादी पुढं थोडी बसते, त्यामुळं पहिल्या दिवशी गाल दाबले गेले तरी चालतात. कपाळावर एकाच जागी टोचत असेल तर मात्र तो आकारच आपला नाही.

घासाघीस करून अठराशे पन्नास. कंपनीचं नाव या नोंदीत लिहीत नाही, कारण पुढं काय काय निघेल ते माहीत नाही आणि एका नगावरून कंपनी ठरत नसते. येताना किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवलं: एक किलो सहाशेच्या आसपास. जुनं अर्धं हेल्मेट याच्या निम्म्याच्या जवळपास असेल. मानेला हा फरक जाणवणार.

१५ डिसेंबर

घरी टेबलावर घेऊन नीट बघितलं. बाहेरचं कवच प्लास्टिकचं, आत पांढऱ्या थर्माकोलचा जाड थर. डोकं वाचवतो तो हा थर. मार बसला की तो दबतो, चिरडतो आणि धक्का स्वतःवर घेतो. एकदा दबलेला थर्माकोल परत फुगत नाही, म्हणून पडलेलं हेल्मेट बाहेरून चकचकीत असलं तरी बाद.

हनुवटीपाशी, बाहेरून मधोमध खाली एक लाल बटण. ते दाबून उचललं की पुढचा जबडा काचेसकट कपाळावर जातो. जबड्याच्या आत दोन्ही टोकांना एकेक आकडा, आणि कवचाच्या दोन्ही बाजूंना बोटाच्या पेरापेक्षाही लहान धातूची एकेक खुंटी. जबडा खाली आला की आकडे खुंट्यांवर चढून बसतात, 'खट्-खट्'. आकडे स्वतः प्लास्टिकचे आहेत. महागड्या हेल्मेटमध्ये तेही धातूचे असतात. पैसे कुठं वाचवलेत ते इथं कळतं. बक्कल दातेरी पट्टीची, एका हातानं उघडते, हातमोज्यासकट. आत गॉगलची काळी काच आहे, डाव्या कानाजवळच्या खटक्यानं खाली येते.

२० डिसेंबर

सकाळी सातला घाटनांदूरकडं. थंडी चांगलीच. पहिल्या दहा मिनिटांत काच धुरकटली आणि चष्माही, म्हणजे आंधळ्यापुढं आंधळा. बाष्परोधक थराचं खोक्यावर लिहिलंय, काचेवर काही दिसलं नाही. काच एक घर वर ठेवली तर वारा डोळ्यात येतो पण दिसतं. नाकाखाली श्वास खाली वळवणारी रबरी पट्टी बसते, ती वेगळी आणून लावली की त्रास बराच कमी होतो.

चष्म्याचं मात्र सुख आहे. पूर्ण बंद हेल्मेटात आधी चष्मा काढा, डोकं घाला, मग काड्या गादीत खुपसा. इथं जबडा वर करून चष्म्यासकट डोकं आत. काड्या थोड्या दाबल्या जातात, तासाभरानं कानामागं दुखतं, पण ते सोसण्यासारखं आहे.

२ जानेवारी

बर्दापूर फाट्याच्या आतल्या एका वस्तीवर. मागं बंद हेल्मेट घालून आलो होतो तेव्हा दारातली म्हातारी उठून आत गेली होती आणि कडी लावली होती. तोंड बांधून मोटारसायकलवर येतो तो फायनान्सचा वसुलीवाला, असा इकडं हिशोब आहे. आज गाडी थांबली तसा जबडा वर केला. म्हातारी म्हणाली, "आगं बया, शेळीवाले साहेब व्हय! म्या म्हणलं कोण आलंय." चहा झाला. हेल्मेट डोक्यावरच होतं. बशीतून चहा जबडा वर करून नीट पिता येतो, कप जरा कपाळाच्या काचेला लागतो.

११ जानेवारी

आज मुद्दाम जबडा उघडा ठेवून चालवून बघितली, मोकळ्या रस्त्यावर, आधी तीसनं, मग पन्नासनं. तिसाला काही नाही. पन्नासला वारा जबड्याच्या खाली शिरला आणि छत्री उलटावी तसं डोकं मागं ओढलं गेलं. सगळं वजन कपाळावर चढलेलं, त्यामुळं मान वळवून मागं बघताना डोकं एक क्षण उशिरा परत येतं. समोरून ट्रक गेला तेव्हा झटका बसला तो वेगळाच. साठला जायची गरज वाटली नाही.

या प्रकारच्या हेल्मेटचा घोळ इथंच आहे. युरोपच्या ईसीई २२ मानकात हनुवटी वाचवणाऱ्या हेल्मेटला 'पी' आणि उघड्या तोंडाच्याला 'जे' असं अक्षर मिळतं. जबडा खाली असताना आणि वर असतानाही चाचणीत उतरलेल्याला 'पी/जे' मिळतं. ते असेल तर उघडं ठेवून चालवायला मान्यता आहे. माझ्या हेल्मेटवर असलं काही छापलेलं नाही. तेव्हा ते चालत्या गाडीवर बंदच, एवढंच धरून चालायचं.

हनुवटीवर एवढा जोर का, याला आकडा आहे. जर्मनीत हॅनोव्हरच्या डिटमार ओटे यांनी अपघातातली हेल्मेटं तपासून मार कुठं कुठं बसला त्याचा नकाशा काढला होता. सुमारे एक तृतीयांश मार हनुवटीच्या भागात होते. आमच्या पोराला हे वाचून दाखवलं. त्याला अजून नीट बोलता येत नाही, पण जे काही म्हणाला ते ट्रॉलीवाल्याला उद्देशून होतं.

३० जानेवारी

रात्री आठनंतर केजहून परत. गाळप जोरात, एकामागं एक दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर. समोरून एलईडीच्या गाड्या. काचेवर दीड महिन्यात बारीक ओरखडे पडलेत. धूळ बसली की बाहीनं कोरडीच पुसायची सगळ्यांना सवय, आणि कोरडी धूळ म्हणजे वाळूकागद. ओरखड्यांवर दिवा पडला की चांदण्या फुटतात आणि त्या चांदण्यांच्या मागं बिनदिव्याची ट्रॉली असते. काच भिजवून, मऊ कपड्यानं, हलक्या हातानं पुसायची. सोबत अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली असतेच. नवी काच तीनशेच्या आत मिळते आणि दर हंगामाला बदलायची म्हणूनच धरावी. माणशी बजेटमध्ये ती आधीच लिहून टाकली.

आतल्या काळ्या काचेबद्दल: दिवस मावळला की तिला विसरायचं. खटका कानाजवळ असल्यानं हातमोजा लागून ती एकदा आपोआप खाली आली. अंधारात, वळणावर. खटक्याला आता चिकटपट्टी लावलीय, उन्हाळ्यात काढू.

१८ फेब्रुवारी

आजची नोंद लांबणार.

वस्तीवरून येताना पुढं ट्रॅक्टर, रस्ता कच्चा, मुरमाचा आणि काळ्या मातीचा धुरळा. डांबरीला लागल्यावर थांबून तोंड धुतलं, जबडा खाली ओढला. 'खट्'. एकच आवाज. दोन यायला पाहिजेत.

हात लावून बघितलं तर बाहेरून सगळं बंद. काच जागेवर, आरशात बघितलं तरी काही कळत नाही. पण डाव्या कानशिलापाशी कवच आणि जबडा यांच्यात एक फट होती, पोस्टकार्ड जाईल एवढी. उजवा आकडा खुंटीवर बसलेला, डावा खुंटीच्या डोक्यावर नुसता टेकलेला. आतून डाव्या बाजूला अंगठ्यानं रेटलं, जबडा उचकून वर. एवढ्या रेट्यानं उघडतो तो डांबरावर आपटल्यावर काय बंद राहणार.

घरी येऊन भिंग आणि बॅटरी घेऊन बसलो. कंपनीनं आकड्याच्या स्प्रिंगला ग्रीस लावलंय. त्या ग्रीसमध्ये धूळ बसून काळा चिखल तयार झालेला, आणि त्यानं डाव्या आकड्याचं परतणं मंद केलेलं. ग्रीस एरवी चांगलं, आमच्या मुलखात नाही.

मेस्त्रीला दाखवलं तर त्यानं पेट्रोलचा बोळा काढलाच. त्याला थांबवलं. पेट्रोल, थिनर, रॉकेल यांतलं काहीही या प्लास्टिकला लावायचं नाही. पॉलिकार्बोनेटला त्यानं आतून केसासारख्या चिरा जातात, त्या दिसत नाहीत, आणि कवच मारानं फुटतं. कोमट पाणी, शांपूचा थेंब, जुना टूथब्रश आणि कान कोरायच्या काड्या. चिखल निघाला, आकडा टचकन परतायला लागला. सुकल्यावर खुंटीला सिलिकॉन स्प्रेचा एक फवारा, काडीवर घेऊन. सरळ फवारायचा नाही, काचेवर उडतो.

दुकानदाराला फोन केला. म्हणाला, "धुळीला वॉरंटी नसती साहेब." मराठवाड्यात धूळ सोडून बाकी काय आहे हे मी त्याला विचारलं, त्यावर तो हसला आणि उन्हाळ्यातल्या डिस्काउंटचं सांगायला लागला.

आजपासून नेम: जबडा लावला की दोन आवाज ऐकायचे आणि दोन्ही अंगठ्यांनी हनुवटीखालून बाहेर रेटून बघायचं. मग क्लच.

३ मार्च

काही विशेष नाही. आकडा ठीक. पट्टीची बक्कल ठीक.

२१ मार्च

गावात जनावरांचं बघणाऱ्या पशुसखींच्या समन्वयक ताईंना आठवडाभर दिलं. त्यांची स्कूटी. त्यांचा अभिप्राय जसाच्या तसा लिहितो, कारण यातलं मला एकट्याला कधी दिसलं नसतं.

सीटखाली मावत नाही. अर्धं हेल्मेट मावायचं. म्हणजे बाजारात उतरलं की हातात घेऊन फिरायचं, नाहीतर हुकाला अडकवून चोरीची वाट बघायची. अंबाडा वर बांधला तर आत बसत नाही, खाली मानेवर बांधावा लागतो. घालताना कानातले अडकत नाहीत, ही जमेची बाजू. आधीच्या बंद हेल्मेटानं एक रिंग गेली होती. स्टोल गुंडाळून वर हेल्मेट घालायची सगळ्याजणींची पद्धत आहे. ते चालणार नाही. स्टोलच्या घड्यांनी हेल्मेट उचललं जातं आणि पट्टा ढिला पडतो. पातळ सुती टोपडं आत आणि स्टोल गळ्याला, असं त्यांनी करून बघितलं आणि जमलं.

"आणि दादा," त्या म्हणाल्या, "रस्त्यानं कुणी काही बोललं की ही काच खाली ओढायला बरी." याचं गुणपत्रक कसं भरायचं ते मला सुचलं नाही. 'उपयुक्त' लिहिलं.

१७ एप्रिल

पारा चाळिशीच्या पुढं. दुपारी दीडला धनेगावकडून येताना कपाळाचा घाम भुवईवरून चष्म्यावर. वरच्या हवेच्या खिडक्या उघड्या असल्या तरी हवा आत फार येत नाही. थर्माकोलात त्या खिडक्यांच्या रेषेत भोकंच नाहीत, हे गादीच्या मागं चाचपल्यावर कळलं. म्हणजे वरची जाळी शोभेची. गाडी चालत असेल तर निभतं. फाटकाला, आठवडी बाजारात थांबलं की जबडा वर. या हवेत हे हेल्मेट डोक्यावर राहिलं ते त्या एका सोयीमुळं. बंद हेल्मेट या महिन्यात मी नक्की आरशाला अडकवलं असतं.

गालाच्या गाद्या सुटतात, साबणानं धुता येतात. डोक्याची गादी चिकटवलेली आहे, तिला आता वास यायला लागलाय. आत सुती टोपडं घालून रोज धुणं हाच मार्ग.

६ मे

फिरतीवरच्या बाकीच्यांना आळीपाळीनं दिलं. तरण्या पोरांपैकी जवळपास सगळे जबडा वर ठेवूनच गेले, गावातून आणि हायवेवरूनही. सांगून बघितलं. "गर्मी होतीय सर, कोण बगायलंय?" एकानं तर पट्टाही लावला नव्हता. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ मध्ये हेल्मेट पट्ट्यानं डोक्याला घट्ट बांधलेलं असावं असं स्पष्ट आहे, आणि कायद्यातला दंड हजार रुपये, शिवाय लायसन तीन महिने बाद होऊ शकतं. लायसनचं ऐकल्यावर पट्टा लागला. जबडा नाही.

यांना हे हेल्मेट देणं म्हणजे साडेसातशे ग्रॅम जास्तीचं वजन देऊन उघडं हेल्मेट देणं. वर जबड्याची आणखी एक ढिली वस्तू कपाळावर.

मामा, म्हणजे आमचे सगळ्यात जुने पशुआरोग्यवाले, त्यांनी घातलं आणि लगेच काढलं. "ह्यात माजं डोस्कं जाईना." टेप लावली तर बासष्ट. शिवाय त्यांची टोपी. टोपी डिकीत ठेवायला ते तयार झाले, पण बराच वेळ घेतला.

२८ मे

सरांपुढं तीन कोटेशन ठेवली. सरांना सगळ्यांना एकच मॉडेल हवं होतं, ऑडिटला सोपं जातं म्हणून. मी दोन प्रकार मांडले.

दिवसभर थांबत फिरणारे, चष्म्यावाले आणि ज्या ताईंना हे जमलं त्यांना जबडा उघडणारं, हेच. सोबत एक जादा काच, टूथब्रश आणि 'दोन आवाज' शिकवायला मी स्वतः. केज-बीड-लातूर असं लांब हायवेनं जाणाऱ्या पोरांना साधं, एकसंध बंद हेल्मेट. ते सहाशे-सातशेनं स्वस्त पडतं, हलकं आहे, आणि त्यात बिघडायला आकडा नाही की उघडा ठेवायला जबडा नाही. पोरं नाराज झाली, कारण उघडणारं दिसायला भारी आहे.

सरांनी विचारलं, "वाचलेल्या पैशांचं काय?" मी म्हणालो, काचा. आणि ट्रॉल्यांना लावायला रेडियमचा रोल. गळीत सुरू व्हायच्या आत वाहतूकदारांच्या मुकादमांना गाठून मागं पट्ट्या मारून टाकायच्या. हे कोटेशनमध्ये बसत नाही, तरी सर नाही म्हणाले नाहीत.

१२ जून

पहिला पाऊस अंगावर घेतला. काचेच्या वरच्या रबरातून एक धार आत, नेमकी उजव्या डोळ्यासमोर. काच पूर्ण दाबून बसवली तर धार थांबते, पण मग आत वाफ. हायवेला काच एक घर वर ठेवून हळू आलो.

ऑर्डर आज लातूरला कळवली, मापं प्रत्येकाची टेप लावून घेतलेली, अंदाजपंचे एकही नाही. ५८० आणि ६०० मिळतील, दुकानदार म्हणाला आठवड्यात. मामांचं ६२० या कंपनीत येतच नाही. दुसऱ्या कंपनीचं मागवतो म्हणाला, महिना लागेल. मामांना सांगितलं. ते म्हणाले, "तवर मी येष्टीनं जातो." हिशोबनिसाला तिकिटं प्रवासभत्त्यात धरायला सांगितलं आहे.